बघण्यापुरता सदस्य

१

ऑफिसात आल्यावर ताईचं पहिलं काम म्हणजे फळ्यावरची माणसं मोजायची. पर्स खालच्या खणात, चष्मा नाकावर, आणि मग यादी. पाणीपुरवठ्याच्या नळांचे नकाशे काढणारी ती कचेरी, आणि सगळं काम एका ऑनलाइन जागेवर चालायचं. त्या जागेचं खरं नाव कुणाच्याच तोंडात बसणारं नव्हतं, म्हणून सगळे तिला नुसतं 'फळा' म्हणत. फळ्यावर जमिनीखालच्या नळांचा अख्खा नकाशा होता आणि बाजूला सदस्यांची यादी. तेवीस नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक बारकं चित्र. पेन्सिल असेल तर त्या माणसाने नकाशात रेघ मारावी, पुसावी, शेरा लिहावा. डोळा असेल तर त्याने फक्त बघावं. आणि चावी ज्याच्याकडे, त्याने कुणाला पेन्सिल आणि कुणाला डोळा ते ठरवावं.

चावी एकट्या ताईकडे होती. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, आणि 'ताई, तेवढं बघा ना' हे वाक्य तिच्या कानावर दिवसातून दहादा तरी पडायचं. नवीन माणूस आला की त्याला आधी डोळा करायचं, महिनाभराने पेन्सिल द्यायची. बदली झालेल्याला काढून टाकायचं. काम किरकोळ, पण ताईला ते आवडायचं. घरात तिचं कुणी ऐकत नव्हतं, इथे निदान तेवीस माणसांचे हात तिच्या हातात होते.

त्या तेविसांत सर्वांत जुनं नाव पट्टीकाकांचं. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, अंगात कायम फिकट निळा शर्ट आणि शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी. नकाशे कागदावरून फळ्यावर आले तरी काकांची पट्टी काही खिशातून गेली नाही. पडद्यालाच पट्टी लावून अंतर मोजायचे. जित्याची खोड, दुसरं काय! ताईला हे काम त्यांनीच शिकवलं होतं. चार माणसांत ते तिला 'ताई' म्हणायचे आणि दोघंच असले की 'पोरी'.

२

त्या मंगळवारी जे झालं त्यात काकांचा दोष इतकाच की ते खरं बोलले.

साहेबांनी बैठकीच्या खोलीत मोठ्या पडद्यावर फळा लावला होता. पूर्वेच्या भागाचा नवा नकाशा ताईने काढला होता. जुने कागद समोर ठेवून, खुर्चीत बसून. विभागप्रमुखाची जागा रिकामी झालेली, पुढच्या शुक्रवारी मुलाखत, आणि हा नकाशा म्हणजे ताईचं हुकमी पान. साहेबांनी नकाशा मोठा केला आणि शाळेच्या मागच्या व्हॉल्व्हपाशी काकांचा पिवळा शेरा उघडला. साहेबांना मोठ्याने वाचायची सवय.

"हा व्हॉल्व्ह इथे नाही. पुलाच्या अलीकडे आहे. बसवला तेव्हा मी खड्ड्यापाशी उभा होतो. चपला झिजवल्याशिवाय नकाशा होत नाही."

सगळे हसले. वाईट हेतूने कुणीच हसलं नाही, काका तर स्वतःच हसत होते. पण ताईच्या कानशिलांपर्यंत आग गेली. साहेब म्हणाले, "ताई, जरा बघून घ्या हं," आणि ते 'हं' तिच्या मनात दिवसभर टोचत राहिलं.

दुपारी साडेतीनला ती जागेवर बसली होती. समोर यादी उघडी होती. काकांच्या नावापुढच्या पेन्सिलवर तिने बाण नेला, आणि छोटी खिडकी उघडली. चावी, पेन्सिल, डोळा, काढून टाका. तिने डोळा निवडला. दोनच दिवस, तिने मनाशी म्हटलं. नकाशा मंजूर होईपर्यंत. आणखी शेरे नकोत.

फळा बनवणारा कुणी सभ्य माणूस असावा. कुणाचा अधिकार कमी केला तर त्याची वार्ता कुठे लागत नसे. त्या माणसाला चार लोकांत खाली बघावं लागू नये, हा हेतू. पेन्सिलच्या जागी डोळा आला, आणि पलीकडच्या टेबलावर काका पडद्याला पट्टी लावून काहीतरी मोजत राहिले.

३

बुधवारी सकाळी काका तिच्या टेबलापाशी आले. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले, जरा ओशाळलेले.

"पोरी, माझ्याकडून काही नको ते दाबलं गेलं का गं? पेन्सिलच दिसेनाशी झालीय."

आता बोलावं, असं ताईला खरंच वाटलं. 'काका, मी केलं, मला राग आला होता.' एवढं तर वाक्य. पण शेजारच्या टेबलावर कुणीतरी मान वर केली, आणि ती म्हणाली, "सर्व्हरचं काहीतरी असेल. बघते हं मी."

"तरीच! मला वाटलं, म्हातारपणी बोटंही चुकायला लागली." काकांना केवढं हायसं वाटलं! दोष आपला नाही एवढ्यावरच ते खूश होऊन गेले. ताईने पडद्याकडे तोंड वळवलं. तिला आपली लाज वाटली, आणि लाज वाटली की ती नेहमी करायची तेच तिने आत्ताही केलं. टपाल उघडून भराभर उत्तरं द्यायला लागली.

गुरुवारी दुपारी हजेरीवाल्या बाई रजिस्टर घेऊन ताईकडे आल्या. "काकांना तुम्हीच सांगा बाई. कालपासून सही नाही, आणि म्हणतात केली. माझ्यासमोर केली म्हणतात."

"विसरले असतील."

"अहो, आज मी बघत होते ना! पेन घेतलं, वाकले, हात हलवला. मग म्हणाले, हे चालत नाही, दुसरं द्या. तीन पेनं दिली. तिन्ही पेनांनी मी सकाळपासून लिहितेय."

ताईने रजिस्टर पाहिलं. काकांच्या नावापुढचे बुधवारचे आणि गुरुवारचे चौकोन कोरे होते. पान उजेडाकडे तिरकं धरल्यावर मात्र तिला दिसलं. कागद दबला होता. काकांची ती लांब शेपटीची सही चौकोनात नीट उमटली होती, फक्त तिच्यात शाई नव्हती. तिने त्यावरून बोट फिरवलं. खाच बोटाला लागत होती.

"शाई वाळली असेल," ती म्हणाली.

"तिन्ही पेनांची?" बाई म्हणाल्या, आणि रजिस्टर बंद करून निघून गेल्या.

४

खाई त्याला खवखवे म्हणतात. ताईला आता जिथे तिथे काकाच दिसू लागले.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती वर आली, तर काका ऑफिसच्या काचेच्या दारासमोर उभे. ते दार माणूस समोर आला की आपोआप सरकायचं. काका समोर होते आणि दार जागचं हलत नव्हतं. ते एक पाऊल मागे गेले, पुन्हा पुढे आले, वरच्या लाल दिव्याकडे बघून त्यांनी हात हलवला. ताई चार पावलं मागे होती. ती पुढे झाली तसं दार सरकलं.

"बरं झालं तू आलीस पोरी. हल्ली दारसुद्धा ओळख देत नाही मला." काका हसले आणि तिच्या मागोमाग, जवळजवळ तिच्या पाठीला चिकटून, आत शिरले. आत जाताना दाराची फळी त्यांच्या खांद्याला लागली. दार बंदच व्हायला निघालं होतं.

सेन्सर खराब असणार. अशी दारं बिघडतातच. आणि त्या फळ्याचा ह्या दाराशी संबंध काय? फळा म्हणजे कुठल्यातरी कंपनीच्या यंत्रात साठवलेली माहिती, आणि हे दार म्हणजे काच आणि लोखंड. ताईने स्वतःला असं सगळं समजावलं आणि ते तिला पटलंही. शनिवार-रविवार तिने मुलांच्या कपाटाची आवराआवर केली, आणि काकांचा विचार मनात आला की एक खण आणखी रिकामा केला.

सोमवारी बैठक होती. काका नेहमीच्या खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून. साहेबांनी पश्चिमेच्या टाकीचा विषय काढला. काका म्हणाले, "त्या टाकीची एक गोष्ट आहे," आणि त्याच क्षणी दुसऱ्या कुणीतरी बोलायला सुरुवात केली. होतं असं बैठकीत. काका थांबले, पुन्हा म्हणाले, पुन्हा कुणीतरी त्यांच्यावरून बोललं. तिसऱ्यांदा काकांनी बोटाने टेबलावर ठकठक केली. ताई त्यांच्याकडेच बघत होती. बोट टेबलावर आपटताना तिने बघितलं, आणि आवाज आला नाही.

मग काका बोलू लागले. ओठ हलत होते, मान हलत होती, कपाळावर त्या त्यांच्या ओळखीच्या आठ्या होत्या. वरच्या एसीची घरघर फार होती, म्हणून ऐकू येत नसेल. ताईने समोरच्या माणसाचं ऐकलं. त्याचा शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

काकांनी बोलणं संपवलं आणि सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघितलं. सगळ्यात शेवटी ताईकडे. ती वहीत काहीतरी लिहू लागली.

५

मंगळवारी सकाळी तिने ठरवलं, झालं तेवढं पुरे. फळा उघडला, काकांच्या नावापुढचा डोळा निवडला, पेन्सिलवर बाण नेला. दाबणार, तेवढ्यात खिडकीच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ आली.

'अधिकार वाढवल्याची सूचना सर्व सदस्यांना जाईल. सूचनेत मागील बदल, बदल करणाऱ्याचे नाव आणि वेळ दिसेल.'

म्हणजे तेवीस माणसांच्या पडद्यावर एकदम झळकणार. गेल्या मंगळवारी, दुपारी तीन बत्तीसला, ताईने पट्टीकाकांची पेन्सिल काढून घेतली. साहेबांनी तो शेरा वाचला त्याच दिवशी. हिशेब जुळवायला कुणालाही वेळ लागला नसता. आणि तीन दिवसांवर मुलाखत.

तिने बाण बाजूला घेतला. झाकली मूठ सव्वा लाखाची. शुक्रवारी मुलाखत झाली की लगेच, शुक्रवारी संध्याकाळीच. इतके दिवस गेले, आणखी तीन दिवसांनी काय होणार आहे? काकांना तशीही थोडी विश्रांती मिळेल. हे शेवटचं वाक्य तिने मनात म्हटलं आणि तिला आपलीच किळस आली. तरी तिने खिडकी बंद केली.

मान वर केली तर काका समोर होते, त्यांच्या जागेवर. दोन्ही हात मांडीवर. टेबलावर स्टीलची पट्टी होती, आणि काका तिच्याकडे बघत होते. उजवा हात मांडीवरून उचलायचा प्रयत्न चालला होता, दंड थरथरताना शर्टाची बाही हलत होती. हात काही वर आला नाही. थोड्या वेळाने त्यांनी प्रयत्न सोडला आणि नुसते बसून राहिले.

त्यांना पॅरालिसिसचा झटका वगैरे आला असेल, डॉक्टरला दाखवायला हवं, असं ताईच्या मनात आलं. उठून चौकशी करावी, असंही आलं. पण चौकशी केली तर काका तिला 'पोरी' म्हणणार, आणि ते तिला सोसलं नसतं. ती लवकर जेवायला गेली. परत आली तेव्हा काका उठून गेले होते.

बुधवारी ते आले नाहीत.

६

गुरुवारी सकाळी ताईने माणसं मोजायला फळा उघडला, आणि काका आत होते.

फळ्यावर कोण कुठे बघतोय ते कळायचं. प्रत्येकाचा एक रंगीत ठिपका नकाशावर फिरे. काकांचा ठिपका राखाडी. त्यांच्या टेबलावरचा संगणक बंद होता, ताईने उठून जाऊन बघितलं, पडद्यावर हात ठेवला, पडदा गार होता. घरी त्यांच्याकडे संगणक नव्हता आणि फोन जुना, बटणांचा. तरी राखाडी ठिपका नकाशावर होता. पूर्वेच्या भागात, शाळेच्या मागे, ताईने काढलेल्या व्हॉल्व्हवर. तो हलत नव्हता.

दुपारपर्यंत ती दुसऱ्या कामात होती, म्हणजे दुसऱ्या कामाचं नाटक करत होती. दर दहा मिनिटांनी फळा उघडायची. ठिपका तिथेच. कुणाचं तरी खातं अडकून राहतं कधीकधी, तिने स्वतःला सांगितलं. पण अडकलेला ठिपका फिका पडतो, हे तिनेच नवीन लोकांना शिकवलं होतं. हा ताजा होता.

तीन वाजता तिने पर्स घेतली आणि ती पुलापाशी गेली. नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच, कुणीही न सांगता. पुलाच्या अलीकडे, पदपथाच्या कडेला, गंजलेलं गोल झाकण होतं, आणि झाकणावर व्हॉल्व्हची खूण. शाळेच्या मागे जाऊनही ती बघून आली. तिथे नुसतं गवत होतं.

परत येऊन तिने नकाशातला आपला व्हॉल्व्ह पुसला आणि पुलाच्या अलीकडे नवा काढला. 'काका, तुमचं बरोबर होतं,' असा शेराही लिहिला. आता तरी मिटेल, असं तिला वाटत होतं.

ठिपका हलला. शाळेवरून निघाला, पुलाच्या शेऱ्यापाशी क्षणभर थांबला, मग नकाशाच्या कडेने सरळ बाहेर आला. ठिपके नकाशाबाहेर येत नसत. तो बाजूच्या यादीत शिरला, एकेका नावावरून खाली उतरत गेला आणि चावी असलेल्या नावापाशी थांबला.

ताईने संगणक बंद केला. शुक्रवारी मुलाखत झाली. साहेबांनी विचारलं, तुमच्या स्वभावातला चांगला गुण कोणता? ती म्हणाली, मी सगळ्यांना सांभाळून घेते. जागा तिलाच मिळाली. पेढ्याबर्फीची मागणी झाली, हातात हात मिळाले, आणि त्या गडबडीत संध्याकाळ निघून गेली. तिने फळा उघडलाच नाही. यादीत आपलं नाव बघायचं तिला धाडस झालं नाही.

७

शनिवारी सकाळी फोन वाजला. काकांची बायको, काकू. ताई त्यांना कधीतरी एखाद्या लग्नात भेटली असेल तेवढीच.

"अगं, तुझा नंबर ह्यांच्या डायरीत मिळाला. पहिल्या पानावर तुझंच नाव आहे. येऊन जाशील का जरा?"

दोन खोल्यांचं घर, तिसऱ्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीत दोन खुर्च्या, कोपऱ्यात कागदी नकाशांच्या गुंडाळ्या, खिडकीत एक कुंडी. काका खिडकीजवळच्या खुर्चीत होते. दाढी वाढलेली, गाल आत गेलेले. हात मांडीवर, तळवे वर. ते तिच्याकडे बघत होते. दार उघडायच्या आधीपासून ते दाराकडेच बघत असावेत.

"मंगळवारी आले ते असेच आले," काकू म्हणाल्या. "त्या दिवसापासून बोलणं नाही, जेवण नाही. ताट ठेवलं की ताटाकडे बघतात. मी घास केला तर तोंड उघडत नाही. बळजबरीनं पाणी घालते, तर ओठांवरून खाली येतं. दोन डॉक्टर झाले. म्हणतात, शरीरात काही खोट नाही."

"आणि..." ताईने विचारलं, "झोप?"

"डोळेच मिटत नाहीत गं."

काकू चहा ठेवायला आत गेल्या. ताई काकांसमोर गुडघ्यांवर बसली. इतके दिवस जे वाक्य घशात अडकलं होतं ते भडभडून बाहेर पडलं. "काका, मी केलं. सर्व्हर वगैरे काही नव्हतं. मला तुमचा राग आला होता, तुम्ही खरं बोललात म्हणून. दोन दिवस म्हटलं आणि मग लोक काय म्हणतील म्हणून घाबरले. आत्ता देते. आत्ता, तुमच्यासमोर."

काका बघत होते. त्या बघण्यात राग आहे की माया की काहीच नाही, हे तिला कळेना. चेहऱ्याची दुसरी कुठलीच रेषा हलत नव्हती.

तिने फोनवर फळा उघडला. काकांचं नाव, डोळा, पेन्सिल. तळाची बारीक ओळ आली. ती तिने वाचली आणि दाबलं.

सूचना तेवीस जणांना गेली. तिचं नाव, काकांचं नाव, तो मंगळवार, दुपारचे तीन बत्तीस. ताई डोळे मिटून वाट बघत राहिली. आता फोन येतील, आता साहेब विचारतील.

फोन टुणटुणला. दोघांनी अंगठे पाठवले होते. एकाने 'ओके ताई' लिहिलं होतं. साहेबांचा निरोप आला, 'सोमवारी पश्चिमेची फाइल घेऊन या.' बस, एवढंच. ज्यांच्या भीतीने तिने अकरा दिवस काढले होते, त्या लोकांना त्याचं काहीही नव्हतं.

८

डोळा मात्र तिथेच होता. त्याच्या शेजारी एक फिकट पेन्सिल आली होती आणि खाली एक ओळ.

'सदस्याच्या स्वीकृतीची प्रतीक्षा.'

वाढवलेला अधिकार ज्याचा त्यालाच स्वीकारावा लागतो. नवीन आलेल्या प्रत्येकाला ती हेच तर सांगायची, पडद्यावरचं हिरवं बटण दाबा, की झालं. काढून घ्यायला कुणाचं बोट लागत नाही. परत द्यायला घेणाऱ्याचं लागतं.

तिने काकांचं खातं आपल्या फोनवर उघडलं. पासवर्ड तिनेच त्यांना लावून दिला होता. मोठं हिरवं बटण आलं. स्वीकारा. तिने फोन काकांच्या मांडीवर, त्यांच्या तळव्याशेजारी ठेवला.

"काका, एवढं दाबा. फक्त एकदा."

काकांनी फोनकडे बघितलं. हिरव्या बटणाच्या वर ती सगळी सूचना होती, तिच्या नावासकट. त्यांची नजर ओळीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत गेली, मग पुन्हा सुरुवातीपासून. त्यांनी ती नीट, सावकाश वाचली. बाही थरथरली. बोट हललं नाही.

ताईने त्यांचं बोट धरलं. बोट गार नव्हतं, चांगलं उबदार होतं. तिने ते उचललं आणि बटणावर टेकवलं, जोरात दाबलं, पुन्हा दाबलं. पडद्याला ते कळलंच नाही. तिने स्वतःच्या बोटाने दाबून बघितलं. पडद्यावर आलं, 'हा अधिकार दुसऱ्या सदस्याचा आहे.' मग तिने काकांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले, दहाही बोटं एकेक करून टेकवली, आणि तिच्या तोंडून एक विचित्र हुंदका निघाला.

चहाचे कप घेऊन काकू दारात उभ्या होत्या. त्यांना एवढंच दिसलं की ऑफिसातली मुलगी ह्यांचे हात हातात घेऊन रडतेय. त्यांचेही डोळे भरून आले.

फोनवर हिरव्या बटणाखाली आणखी एक ओळ आली होती. 'ही विनंती सात दिवसांनी रद्द होईल. निष्क्रिय सदस्य यादीतून आपोआप काढले जातील.'

९

ताईने ऑफिसातून रजा घेतली. रोज सकाळी दहाला ती तिसऱ्या मजल्यावर जाते. खुर्ची ओढून काकांसमोर बसते, फोन काढते, बोटं पुसते, एकेक टेकवते. आधी उजवा हात, मग डावा. काकू तिला चहा देतात, मध्येच तिच्या पाठीवरून हात फिरवतात. तिने त्यांनाही सगळं सांगितलं, पहिल्या दिवशीच, तीन बत्तीसपासून. काकू ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगं वेडे, बटण दाबल्यानं कुणाचं असं होतं का? मनाला लावून घेऊ नकोस." तिला कुणी दोषसुद्धा देईना.

काका रोज थोडे बारीक होत गेले. शर्ट तोच, पण त्याच्या आत माणूस कमी. सहाव्या दिवशी उजेडाकडे पाठ करून बसवलेले असताना त्यांची सावली जमिनीवर कुठे पडलीय ते ताईने शोधलं, आणि मग शोधणं सोडून दिलं. डोळे मात्र पहिल्यासारखेच होते, स्वच्छ, ओलसर, तिच्यावर.

आज सातवा दिवस. ती जिना चढून वर आली तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या, हसऱ्या चेहऱ्याने, बऱ्याच दिवसांनी.

"आलीस? तुझीच वाट बघतायत." त्या बाजूला झाल्या. "तुला सांगू? सकाळपासून ह्यांना आवरायला गेले तर खुर्चीवर हाताला काही लागतच नाही गं, इतके वाळलेत. मी म्हटलं, संपलं सगळं. पण तुझी पावलं जिन्यात वाजली, आणि बघतात बघ कसे! माझ्याकडे एवढ्या वर्षांत असं बघितलं नाही कधी. फार जीव आहे गं तुझ्यावर त्यांचा."

ताईने खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग तिने पायातल्या चपला काढल्या, आत गेली, आणि त्या नजरेसमोर मान खाली घालून बसली.